मागे दोन मुलं बसणार असतील तर आधी ब्रेक, मग बॅटरी

प्रश्न थोडक्यात असा होता: "आम्ही हणजूणच्या बाजूला राहतो. सहा महिन्यांपूर्वी वापरलेली इलेक्ट्रिक कार्गो सायकल घेतली, मागे लांब कॅरिअर असलेली. चार आणि सात वर्षांच्या दोन मुलांना तिच्यावरून शाळेत सोडते, बाजारहाटही तिच्यावरच होतो. शाळा साडेतीन किलोमीटरवर आहे, वाटेत एक चढ आहे. ज्यांच्याकडून घेतली ते गोवा सोडून गेले, आणि जवळपास या सायकलीचं सर्व्हिस सेंटर नाही. पावसाळा तोंडावर आला आहे आणि मला बॅटरीची फार भीती वाटते. नियमित काय काय करायचं? पावसात चालवायची की चार महिने बंद ठेवायची?"

ताई, तुम्ही भीती लिहिलीत ती बॅटरीची. ब्रेकचा उल्लेखही नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक जण असेच बोलतात, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

फोंड्याला माझं सायकल दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. आधी साध्या सायकली करायचो, गेली काही वर्षं निम्मं काम इलेक्ट्रिक सायकलींचं असतं. बॅटरीने पेट घेतलेली सायकल माझ्या दारात अजून आलेली नाही. ब्रेकचे पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत आलेल्या मात्र प्रत्येक पावसाळ्यात येतात, आणि त्यातल्या काहींच्या कॅरिअरवर मुलांची सीट असते. बॅटरीला जपायला हवंच, त्यावर पुढे लिहितो. पण काळजीचा क्रम उलटा धरू नका. पाणी विजेच्या भागांना हळूहळू खातं आणि खाताना खुणा सोडतं. वजन ब्रेकना आणि चाकांना भराभर खातं, आणि त्याचा हिशेब उतारावर मागतं.

वजनाचा हिशेब एकदा कागदावर मांडू. साधी सायकल पंधरा किलोची, वर साठ-पासष्ट किलोचा माणूस, म्हणजे ऐंशी किलो. तुमची सायकल बॅटरीसकट तीस-पस्तीस किलोची असेल. त्यावर तुम्ही, दोन मुलं मिळून चाळीसच्या आसपास, दप्तरं, डबे, परतताना भाजी. आकडा १४० किलोपर्यंत सहज जातो. त्यात मोटरमुळे वेग साध्या सायकलीपेक्षा जास्त. आपल्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, पिढ्यान् पिढ्या साध्या सायकलीवर एवढी मोठी टोपली घेऊन गावभर फिरतो, मग याला काय होतंय, असं मला एकाने ऐकवलं होतं. पोदेराच्या टोपलीत पाव असतात, दिसायला ढीग आणि वजनाला हलके. शिवाय चढ आला की तो खाली उतरून सायकल ढकलतो.

दोन-तीन गोष्टी तुमच्या सायकलीवर अवलंबून आहेत, त्या आधी बघून घ्या. मोटर पॅडलच्या मधोमध आहे की चाकाच्या मध्यावर? ब्रेकच्या लिव्हरपासून खाली जाते ती तार आहे की तेलाची नळी? तार असेल तर कॅलिपरपाशी (चाकाच्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, पॅड दाबणाऱ्या भागापाशी) ती उघडी दिसते आणि लिव्हर दाबली की सरकते. नळी असेल तर काहीच सरकताना दिसत नाही. आणि फ्रेमवर कुठेतरी स्टिकर असेल, त्यावर सायकल, चालवणारा आणि ओझं मिळून जास्तीत जास्त किती किलो ते लिहिलेलं असतं. कॅरिअरची मर्यादा बहुधा वेगळी दिलेली असते, तीही बघा. मुलगा सातचा नऊ वर्षांचा होतो तेव्हा तो आकडा आपोआप ओलांडला जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता ब्रेक. इथे मी माझीच फजिती सांगतो. तीन-चार वर्षांपूर्वीचा जुलै. फर्मागुडीच्या गोपाळ गणपतीकडून फोंड्याकडे उतरत होतो, मागे मुलगी, सायकल माझी स्वतःची. सकाळी निघताना लिव्हर दाबून बघितली होती, चांगली कडक लागली. अर्ध्या उतारावर मागून पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला आणि मागचा ब्रेक जवळजवळ धरेनासा झाला. पुढच्या ब्रेकवर हळूहळू सायकल थांबवली आणि कडेला उतरलो. मुलगी विचारते, "बाबा, काय तुटलं?" तुटलं काहीच नव्हतं. पॅड संपले होते. दिवसभर लोकांचे पॅड बदलणाऱ्याच्या सायकलीचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यात शिकण्यासारखं एक आहे. तेलाच्या ब्रेकमध्ये पॅड झिजतात तसे आतले पिस्टन आपोआप पुढे सरकतात. त्यामुळे लिव्हर शेवटपर्यंत तशीच कडक लागते. हाताला कळतच नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. तारेच्या ब्रेकमध्ये निदान लिव्हर हँडलच्या जवळ जवळ येत जाते, तेवढी सूचना मिळते.

बघायचं कसं? मोबाइलचा टॉर्च घ्या आणि कॅलिपरच्या वरच्या फटीतून डिस्कच्या दोन्ही बाजूंना बघा. पत्र्याची पट्टी दिसेल आणि तिला चिकटलेला घासायचा थर दिसेल. तो थर अर्धा मिलिमीटर उरला की पॅड बाद, असं शिमानोसारखे उत्पादक सांगतात. मी मुलं नेणाऱ्यांना थोडं आधीच बदलायला सांगतो. माप सोपं आहे: एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. थर कार्डाइतका पातळ दिसला की नवीन पॅड. डिस्कही झिजते. शिमानोची नवी डिस्क १.८ मिलिमीटर जाडीची असते आणि १.५ झाली की बदलायची. ते मापायला साधन लागतं, म्हणून वर्षातून एकदा मेस्त्रीकडून मापून घ्या.

पॅड किती किलोमीटर टिकतील, हे मला सगळे विचारतात. सांगता येत नाही. उन्हाळ्यात सपाट रस्त्यावर वर्षभर टिकलेले पाहिले आहेत आणि पावसात महिनाभरात संपलेलेही. आपल्याकडची चिऱ्याची लाल माती पाण्यात कालवली की तिचा अक्षरशः पॉलिश पेपर होतो, आणि तो प्रत्येक ब्रेकला पॅड आणि डिस्कच्या मधे सापडतो. शिवाय लांब कॅरिअरच्या सायकलीत मुलांचं वजन मागच्या चाकावर येतं, त्यामुळे मागचा ब्रेक साध्या सायकलीपेक्षा बराच जास्त राबतो. माझ्याकडे येणाऱ्यांत मागचे पॅडच आधी संपलेले असतात. तेव्हा पावसाळ्यात दर रविवारी आणि एरवी महिन्यातून एकदा बघा.

ब्रेकच्या तेलाबद्दल एवढंच. लिव्हर स्पंजासारखी दबायला लागली तर आत हवा शिरली आहे, ती काढून घ्यावी लागते. काही ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट फ्लुइड. कोणतं, ते लिव्हरवर किंवा तेलाच्या झाकणावर लिहिलेलं असतं. स्कूटरच्या गॅरेजमध्ये "तेल ते तेल" म्हणून डॉट फ्लुइड भरून देतात. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये ते गेलं की आतले रबरी सील फुगतात आणि सगळा ब्रेक बदलावा लागतो. बाटली उघडण्याआधी मेस्त्रीला नाव वाचायला लावा.

आणि डिस्कवर कधीही काही फवारू नका. एकदा एक गृहस्थ ब्रेक "कुंई कुंई" करतो म्हणून गंज सोडवायचा स्प्रे डिस्कवर मारून आले. आवाज थांबला होता, ब्रेकही थांबला होता. पॅडने एकदा तेल प्यायलं की ते फेकायचे, डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायची. पावसाळ्यात सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसला तर घाबरू नका, पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये तो निघून जातो. नवे पॅड घातले की मात्र मुलांना न बसवता मोकळ्या रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन ब्रेक लावा. तोपर्यंत ते नीट धरत नाहीत.

उतारावर सवय एकच बदला. लिव्हर हलकी दाबून सबंध उतार घासत उतरू नका, त्याने पॅड तापतात आणि काचेसारखे गुळगुळीत होतात. दोन्ही ब्रेक एकत्र, ठामपणे लावून वेग कमी करा, मग सोडा, पुन्हा लावा.

ब्रेकखालोखाल चाकं. मागच्या चाकाचे स्पोक हा कार्गो सायकलीचा दुसरा दुखरा भाग. मोटर मागच्या चाकात असेल तर जास्तच, कारण वजनही तिथे आणि जोरही तिथूनच. चाक उचलून फिरवा आणि दोन-दोन स्पोक एकत्र चिमटीत दाबत जा. सगळे साधारण सारखे ताठ लागायला हवेत. एखादा ढिला लागला, किंवा चाक फिरताना ब्रेकजवळ डावी-उजवीकडे डुलताना दिसलं, तर आऊट काढून, म्हणजे चाक सरळ करून घ्या. नवीन चाकाचा आऊट पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर एकदा काढावाच लागतो. तुमची वापरलेली आहे, आधीच्या मालकाने तो काढला होता की नाही कोण जाणे, तेव्हा एकदा काढून घ्या. हे काम कोणताही जुना सायकलवाला करतो. किंबहुना माझ्यापेक्षा चांगलं करणारे म्हातारे मेस्त्री अजून म्हापशात आणि डिचोलीत आहेत, त्यांच्याकडे जा. एक स्पोक तुटला तर तेवढाच बदला. दोन महिन्यांत तिसरा तुटला तर ते चाक सगळ्या स्पोकसकट नव्याने बांधून घ्या.

हवा अंगठ्याने दाबून बघू नका. या टायरच्या बाजू जाड असतात, निम्मी हवा गेलेली असली तरी अंगठ्याला कडकच लागतात. हवा कमी असेल तर वळणावर मागचं टोक पोहल्यासारखं वाटतं, खड्ड्यात रिमला मार बसतो आणि ट्यूब दोन ठिकाणी फाटते. टायरच्या बाजूवर हवेचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब पीएसआयमध्ये लिहिलेला असतो. मुलं बसतात तेव्हा मागचा टायर त्या वरच्या आकड्याच्या जवळ, पण खालीच ठेवा. काटा असलेला उभा पंप घरी घ्या. बहुतेक कार्गो सायकलींना मोटरसायकलसारखा वॉल्व असतो, आपल्या जुन्या सायकलींची वालट्यूब नसते, त्यामुळे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. पण ते मशीन क्षणात जास्त हवा भरतं, म्हणून तिथे जपून.

पंक्चरचं आधीच ठरवून ठेवा. मोटर चाकात असेल तर रस्त्यावरचा पंक्चरवाला ते चाक काढायला नाखूश असतो आणि ते बरंच आहे. ट्यूब एका बाजूने बाहेर ओढून, चाक न काढता, पॅच लावता येतो. चाक काढावंच लागलं तर नट सोडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढायला सांगा. तिथे एक दातेरी वॉशर असतो, त्याचा दात फ्रेमच्या खाचेत बसतो. मोटर चाकाला जेवढा जोर लावते तेवढाच जोर अॅक्सल (चाकाचा मधला दांडा) उलटा फिरवायचा प्रयत्न करतो, आणि तो दात त्याला धरून ठेवतो. वॉशर उलटा बसला किंवा नट ढिला राहिला की अॅक्सल जागच्या जागी फिरतो आणि मोटरच्या तारा पिळून तुटतात. बहुतेक सायकलींत ते नट ३५ ते ४० न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे लांब पान्याने चांगला जोर लावून.

नट-बोल्टवरून आठवलं. घरात नेलपॉलिश असेलच. हँडल, मुलांच्या सीटचे बोल्ट, कॅरिअर, स्टँड, ब्रेकचे कॅलिपर आणि चाकाचे नट एकदा योग्य जोराने आवळून घ्या आणि प्रत्येकावर एक बारीक रेघ ओढा, अर्धी बोल्टवर आणि अर्धी शेजारच्या फ्रेमवर. पुढच्या रविवारी पाना हातात घ्यायची गरज नाही. रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट हललाय. माझ्या वर्कशॉपमध्ये लाल रंगाची बाटली ठेवलेली असते आणि त्यावरून बायको अजून चिडवते.

स्टँडकडे लोक बघतच नाहीत. मुलं चढतात-उतरतात तेव्हा सगळा भार त्या दोन पायांवर असतो. स्प्रिंग ताठ आहे ना, खालचे रबर झिजून एक पाय आखूड झाला नाही ना, बोल्टची रेघ जुळते ना, एवढं बघा. पावसात ओल्या लाल मातीत स्टँड लावू नका, एक पाय रुततो आणि सायकल मुलांसकट आडवी होते. मुलांना बसवताना पुढचा ब्रेक दाबून त्यावर जाड रबर बँड अडकवा, चाक जागचं हलत नाही. आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पाय जाऊ नयेत असं कव्हर हवंच. नसेल तर आज बसवा. मुलांच्या पायांएवढीच भीती ओढणीची आणि रेनकोटच्या घोळाची असते. पावसात पोंचोपेक्षा पँटवाला रेनकोट बरा.

आता पाणी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इलेक्ट्रिक सायकली शिंतोडे सहन करतील अशा बनवलेल्या असतात. बुडवण्यासाठी बनवलेल्या नसतात. पाऊस अंगावर घेत चालवायला माझी हरकत नाही. साचलेल्या पाण्यातून, चाकाच्या मध्यापर्यंत पाणी येईल अशा जागेतून मात्र कधीच नाही, मोटर चाकात असेल तर मुळीच नाही. चढ चढून आलेली मोटर गरम असते, तिच्यातली हवा फुगलेली असते. ती थंड पाण्यात गेली की हवा आकसते आणि तारेच्या भोकातून पाणी आत ओढून घेते. त्या दिवशी काही कळत नाही. महिन्याभराने बेअरिंग कुरकुरायला लागतं आणि मोटर उघडली की आत तांबडी राड निघते.

तारांचं एक छोटं काम घरी करता येतं. जिथे तार एखाद्या जोडाला किंवा डिस्प्लेला जाते, तिथे ती जोडाच्या खाली थोडी झोळ देऊन वर न्यावी. पाणी तारेवरून ओघळत येतं, झोळीच्या तळाशी थेंब होऊन गळून जातं, जोडापर्यंत पोचत नाही. तार वरून सरळ खाली जोडात शिरत असेल तर पाणीही सरळ आत शिरतं. दोन प्लास्टिक टाय आणि पाच मिनिटं, एवढंच काम. पावसाळ्याआधी बॅटरी काढून तिच्या पिना बघा. हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली तर बॅटरी बंद असताना कोरड्या कापडाने पुसा आणि पिनांवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा अगदी पातळ हात द्या.

तुमचं घर समुद्राकडे आहे, म्हणून पाऊस नसतानाही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त काम आहे. खारी हवा बोल्ट आणि पिना वर्षभर खात असते. पंधरवड्यातून एकदा बादलीभर गोड्या पाण्याने आणि फडक्याने सायकल पुसून घ्या. गाड्या धुण्याचा जोरदार फवारा बिलकूल नको, तो पावसाला जमत नाही तिथे पाणी घुसवतो. सीटचा दांडा वर्षातून एकदा बाहेर काढून ग्रीस लावा. अॅल्युमिनियम आणि लोखंड खाऱ्या हवेत एकमेकांना असे धरतात की नंतर करवतीने कापावं लागतं.

पावसात मोटर अचानक बंद पडली तर लगेच बॅटरीवर संशय घेऊ नका. आधी मागच्या चाकाच्या स्पोकवर बसवलेलं छोटं चुंबक बघा. ते फिरलं किंवा घसरलं की फ्रेमवरच्या सेन्सरला वेग कळत नाही आणि मोटर थांबते. मग ब्रेकच्या लिव्हर बघा. बऱ्याच सायकलींत ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा स्विच लिव्हरमध्ये असतो. त्यात पाणी गेलं की सायकलीला वाटतं तुम्ही सतत ब्रेक दाबलाय. लिव्हर दोन-चार वेळा सोडून-दाबून पुसली, सुकू दिली की बहुतेक वेळा मोटर परत चालू होते. पावसाळ्यात "मोटर मेली" म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी सायकली अशा पंधरा मिनिटांत घरी गेल्या आहेत.

एवढं झालं की तुमच्या भीतीकडे येऊ. चार्जर हा पहिला प्रश्न. वापरलेली सायकल घेतलीत, तर चार्जर तिचाच आहे याची खात्री करा. त्याच्या लेबलवर आऊटपुट लिहिलेला असतो: ३६ व्होल्टच्या बॅटरीला बहुधा ४२ व्होल्ट, ४८च्या बॅटरीला बहुधा ५४.६. बॅटरीवरच्या लेबलशी ते जुळत नसेल तर तो चार्जर वापरू नका, पिन बसत असली तरी नाही. चार्जिंग डोळ्यांसमोर करा, रात्री झोपताना नको. बेडरूममध्ये नको आणि घराबाहेर पडायच्या दाराजवळही नको, कारण काही झालंच तर बाहेर पळायची वाट मोकळी हवी. फरशीवर ठेवा, गादी-पडदे दूर. पावसात भिजून आलात तर बॅटरी पुसून तासभर थांबा, मग चार्जिंग. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज तासातासाला जाते-येते, त्या धक्क्यांत चार्जरचं आयुष्य कमी होतं.

रोजचं अंतर तुमचं जेमतेम सात किलोमीटर. मुलं आणि चढ धरून किलोमीटरला बारा-पंधरा वॉट-तास धरले तरी दिवसाला शंभरच्या आसपास. पाचशे वॉट-तासांची बॅटरी आठवड्यातून दोनदा चार्ज केली तरी पुरते. ती रोज शंभर टक्के भरायची गरज नाही, वीस ते ऐंशीच्या मधे ठेवलीत तर जास्त वर्षं टिकते. महिन्यातून एकदा मात्र पूर्ण भरू द्या, कारण बऱ्याच बॅटऱ्यांत आतले सेल एकसारखे करण्याचं काम शेवटच्या टप्प्यातच होतं. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली सायकल ठेवत असाल तर बॅटरी काढून घरात न्या. उष्णता आणि पूर्ण चार्ज ही जोडी बॅटरीला सगळ्यात जास्त म्हातारी करते.

धोक्याच्या खुणा थोड्याच आहेत. कवच फुगलेलं, चार्जिंगला हाताला चटका लागेल इतकं तापणं, गोडसर रसायनासारखा वास, फुसफुस आवाज, जोरात पडलेली किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी. यातलं काहीही असेल तर चार्ज करू नका, उघड्यावर, घरापासून आणि गाड्यांपासून दूर ठेवा आणि जाणकाराला दाखवा. आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून सेल बदलून घ्यायचा स्वस्त बेत मनातून काढून टाका.

चेनबद्दल दोन ओळी, कारण ती रुसली तर फार तर उशीर होतो. मोटर मधोमध असेल तर चेन लवकर ताणली जाते. पट्टीने चोवीस कड्या मोजा: नवीन चेनमध्ये त्या बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०६.३ च्या आसपास गेल्या की चेन बदला, नाहीतर दातेरी चक्रंही बदलावी लागतात. पावसात चेनचंच ओलं ल्युब लावा आणि वरचं पुसून टाका. खोबरेल तेल लावून आणलेली चेन मी पाहिली आहे. वास छान येत होता.

कोणी वेग वाढवून देतो म्हणाला तर नको म्हणा. २५ किलोमीटरला मोटर आपोआप बंद होणारी, २५० वॉटच्या आतली सायकल नोंदणी आणि लायसन्सशिवाय चालते. ती मर्यादा काढलीत की कायद्याच्या नजरेत ती मोटर वाहन होते, आणि ब्रेक मात्र सायकलीचेच राहतात.

पावसात चालवायची का? साडेतीन किलोमीटर, ओळखीचा रस्ता, एकच चढ: मी चालवेन. धोधो पाऊस असेल, रस्त्यावर पाणी धावत असेल तर त्या दिवशी रिक्षा. सर्व्हिस सेंटर नसल्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. ब्रेक, चाकं, चेन आणि नट-बोल्ट चांगला सायकल मेस्त्री करतो. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी उघडू न देणं एवढंच तुम्ही सांभाळा.

तुमच्या चतुर्थीच्या बाजारापर्यंत आताचे पॅड पुरतील का, हे मला इथे बसून सांगता येत नाही. माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान, नारळ आणि वर दोन्ही मुलं अशा ओझ्याने त्या उतारावर यायचं असेल तर आधी या रविवारी टॉर्च घेऊन मागच्या कॅलिपरमध्ये बघा. थर कार्डापेक्षा पातळ दिसला तर सोमवारी मुलांना रिक्षाने सोडा आणि सायकल रिकामी, हळू चालवत मेस्त्रीकडे न्या. जाताना जुन्या पॅडचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पॅडचे आकार पन्नास प्रकारचे असतात, आणि दुकानदार पहिल्यांदा हमखास चुकीचा देतो.